तुळशीरामच्या दुकानाचं भाडं

“लेखी काय हाय तुह्याजवळ? काढ कागद!” हिंमतराव रस्त्यातूनच गरजला.

शिलाई मशीन थांबली. तुळशीराम शिंप्याने मान वर केली. “कागद नाही, मालक. बारा वर्सांमांगं तुमच्या बाबांनी महिना पंधरा रुपयांत दुकान देलं. तोंडी.”

“मंग आता मीबी तोंडीच सांगतो. येत्या महिन्यापासून चाळीस. जमत नसन तर खाली कर.”

आत बाकावर हिंमतरावाचे वडील पंजाबराव बसले होते. ते हातातल्या शर्टाला गुंडी टाचत राहिले.

नांदुऱ्याच्या बाजारात लोक म्हणाले, हिंमतरावाला हाव सुटली. पण त्याचं किराणा दुकान चांगलं चालत होतं. पंचवीस रुपये वाढून त्याचं काही भलं होणार नव्हतं. त्याला डाचत होतं ते वेगळंच. बाबा सकाळची न्याहारी करून निघायचे ते थेट तुळशीरामकडे. तिथे शर्टांना गुंड्या टाचत बसायचे, चहा प्यायचे, मोठमोठ्याने हसायचे. ते हसू समोरच्या दुकानात हिंमतरावाच्या कानावर पडायचं आणि हातातलं माप चुकायचं. घरी मात्र बाबा मुकाट्याने जेवून उठत. एकदा बायको सहज बोलून गेली, की बाबांची नवी बंडी तुळशीरामने शिवली, मजुरीसुद्धा घेतली नाही. त्या दिवशी हिंमतरावाला भाकर गोड लागली नाही. पोटचा पोरगा नेमका कोण, मी की तो? तुळशीराम एकदाचा गेला की बाबा आपले होतील, एवढंच त्याच्या मनात होतं.

तुळशीराम गेला नाही. त्याने बुलढाण्याला भाडे नियंत्रण अधिकाऱ्याकडे अर्ज दिला.

तारखेला तिघेही एकाच एस.टी.ने घाट चढून आले. अधिकाऱ्याने कागद मागितला. तो कोणाजवळच नव्हता. मग पंजाबराव काठी टेकत पुढे झाले.

“पंधरा रुपयांत मीच देलं, साहेब. त्यानं एक महिना चुकवला नाही. इकडे पोरगा उभा हाय माहा, पण खोटं कसं बोलू?”



“कागद नाही म्हणून भाडेकरूचा हक्क जात नाही,” अधिकारी हिंमतरावाला म्हणाला. “मनाला येईल तसं भाडं वाढवता येणार नाही. आमच्या परवानगीशिवाय दुकान खाली करून घेता येणार नाही. भाडं पंधराच राहील.”

स्टँडवर तुळशीराम तिकिटं काढायला गेला. बाप-लेक दोघेच उरले. इतके दिवस दाबून ठेवलेलं हिंमतरावाच्या तोंडून बाहेर पडलं.

“त्याच्यासाठी माह्याविरुद्ध उभे राह्यले तुम्ही. दिवसभर त्याच्यापाशी बसता. माह्या दुकानात काऊन नाही बसत, बाबा?”

पंजाबराव चकित होऊन त्याच्याकडे पाहत राहिले.

“तूच म्हटलं होतं ना, तुम्ही खोकलता, गिऱ्हाईक बिचकते म्हणून?” ते हळूच म्हणाले. “मंग कुठं बसू? तुळशीरामच्या बाकावरून तू दिवसभर दिसते, बापा.”