पाठमोरी तपासणी

शालीकराम डॉक्टरांकडे पाठ करून उभा होता. समोर भिंत होती आणि भिंतीला लागून एक खुर्ची. खुर्ची रिकामी होती. डॉक्टर म्हणजे लष्कराच्या मेजर मॅडम. मागून त्यांनी एखादा शब्द म्हटला असेल, चार म्हटले असतील. त्याने एकही परत म्हणून दाखवला नाही.

खांद्यावर थाप पडली तेव्हा तो वळला.

"गेल्या वर्षी याच खोलीत तुम्ही सगळे शब्द बरोबर सांगितलेत," मॅडम म्हणाल्या. "आणि आता एकही नाही?"

"नाही जी, मॅडम."

"म्हणजे अपंगत्वाचं पेन्शन बंद झालं आणि कान गेले! असे बरेच येतात माझ्याकडे. मशीनवर तपासायला पाठवायचं तर मला कारण लिहावं लागतं. काय लिहू?"

गोंदियातल्या एका शाळेत माजी सैनिकांच्या फेरतपासणीसाठी लष्कराचं पथक आलं होतं. बाहेर व्हरांड्यात बरीच माणसं ताटकळत होती. कारण शालीकरामला माहीत होतं. ते सांगितलं की अल्का खोटी ठरणार होती. नाही सांगितलं तर मॅडम कान ठीक असल्याची सही करून मोकळ्या होणार, पेन्शन बंदच राहणार आणि मुलीचं, समीक्षाचं नर्सिंग अर्ध्यात सुटणार. अल्का, त्याची बायको, उन्हाळ्यातच गेली होती. मेलेल्या माणसाची चूक अशी चारचौघांत सांगायची कशी, ते त्याला समजत नव्हतं.

कारगिलच्या वर्षी तो तोफेवर होता. तिथेच त्याचे कान गेले. पुढे फौजेने त्याला वैद्यकीय कारणावरून निवृत्त केलं आणि तो बोदलकसा तलावाजवळच्या आपल्या गावी आला. संध्याकाळी तांदूळ निवडताना अल्का त्याच्यापुढे बसून आवाज न काढता बोलायची. काय बोलली ते त्याने सांगायचं. असा तो ओठांवरून बोलणं ओळखायला शिकला. फक्त तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून बोलणाऱ्यांचं त्याला कळत नसे. मग अल्काच पुढे होई. "का म्हनता भाऊजी, मोटर जरली तुमची?" असं तेच पुन्हा म्हणे, जणू तिलाच नीट ऐकू आलं नव्हतं. तो तिच्या ओठांवरून घेऊन भाऊजींना उत्तर देई. आपल्या नवऱ्याला कोणी बहिरा म्हटलेलं तिला खपलं नसतं. गावात शेवटपर्यंत कोणाला पत्ता लागला नाही.

गेल्या वर्षी फेरतपासणीला ती सोबत आली. त्यांच्या भागातली पोरं भरतीला जातात, ती मेडिकलच्या धास्तीने. पास झालेल्याच्या घरी पेढे वाटतात. नापास झालेला पोरगा कितीतरी दिवस चौकात तोंड दाखवत नाही. मेडिकल म्हणजे पास व्हायची गोष्ट, एवढंच अल्का जाणत होती. तोही तेवढंच जाणत होता.

"फौजी मानूस अन् मेडिकलमंदी नापास?" ती बसमध्ये म्हणाली होती. "नंदलाल भाऊजी गावभर सांगत फिरतीन. तुमी फकत माह्याकडं पाहा."

डॉक्टर तेव्हा दुसरे होते. ती भिंतीजवळच्या खुर्चीवर बसली, बरोबर त्याच्यासमोर. डॉक्टरांनी मागून शब्द म्हणायचा, तिचे ओठ हलायचे, आणि शालीकराम फौजी आवाजात ठणकावून तो सांगायचा. यंत्रावर तपासायची वेळच आली नाही. बाहेर आल्यावर तिने त्याला गरम समोसे खाऊ घातले. "झाले ना पास!" म्हणाली. बसमध्ये जागा नव्हती, तरी उभ्याउभ्या हसत घरी आली.

कान बरे झाले म्हणून पेन्शन थांबल्याचं पत्र आलं त्या दिवशी ती चुलीपुढे बसून राहिली. "मीच पास केलं तुमाले," एवढंच बोलली. मग तिनेच त्याच्या मागे लागून फेरतपासणीचा अर्ज करवला. तारीख आली तेव्हा ती नव्हती.

"बोला," मॅडम म्हणाल्या. "काय लिहू?"

शालीकरामने खुर्चीकडे बोट केलं.

"गेल्या साली मी नाही पास झालो जी. तिथं माही बायको बसली होती. तिच्या ओठांवरून सांगितलं मी. तिले वाटे, पासच व्हा लागते. आता नाही राह्यली ती. तिले नोका काही म्हनू."

मॅडमनी खुर्चीकडे पाहिलं. मग त्या त्याच्या अगदी समोर येऊन उभ्या राहिल्या.

"यंदा धान कसा आहे?"

"बरा हाये जी."

"मुलं काय करतात?"

"एक पोरगी हाये जी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाले हाये."

दाराशी उभ्या असलेल्या शिपायाने चमकून वर पाहिलं. मॅडमनी आवाज काढलाच नव्हता. शिपायाला ते कळलं. शालीकरामला नाही.

मॅडम टेबलाशी गेल्या. त्यांनी मशीनवरच्या तपासणीची चिठ्ठी लिहून त्याच्या हातात दिली. मग त्याला दिसावं म्हणून मान वर करून, सावकाश विचारलं, "त्या सोबत होत्या तोवर तुमचं कुठे अडलंच नाही?"

"एकडाव अडलं जी."

"कधी?"

शालीकरामने चिठ्ठीची घडी केली. ती पुन्हा उघडली.

"दवाखान्यात. शेवटच्या दिवशी. तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. माह्याकडं पाहून आतमंदी काहीतरी बोलून राहिली होती. मी आपला हो, हो म्हनत राहिलो."