कंपनीचा थर्मोस्टॅट

"बसतो आणि चालतो, यांत फरक आहे," आम्रपाली म्हणाली.

फ्रिज दुरुस्तीला आलेल्या राकेशने हातातला थर्मोस्टॅट पुन्हा खोक्यात ठेवला. दसऱ्यानंतरच्या गडगडाटात एक वीज जवळच कोसळली आणि तेव्हापासून हा फ्रिज थांबायलाच तयार नव्हता. दूध गोठले होते, कोथिंबीर काचेसारखी मोडत होती. बिघाड राकेशने लगेच ओळखला. प्रश्न सुट्या भागाचा होता. युनिव्हर्सल त्याच्या पिशवीत होता. कंपनीचा कोल्हापूरहून यायचा होता आणि केव्हा येईल हे कंपनीलाही ठाऊक नव्हते.

"मॅडम, हा सगळ्या फ्रिजना चालतो."

"किती अंशांवर बंद होतो?"

"गार झाला की बंद होतो."

आम्रपाली कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असे. खोक्यावर 'सर्व मॉडेलसाठी' एवढेच छापलेले होते. तिच्या लेखी ते विधान नव्हते, आशा होती. सासूबाईंचे गोठलेले इन्सुलिन तिने टाकून दिले होते. वितळल्यावर ते पूर्वीसारखेच दिसते, पण पूर्वीसारखे काम करीलच याची खात्री नसते. औषधवाल्याने खटपट करून नवा साठा मिळवून दिला होता. तोही गेला, तर पुढचा वेळेत मिळेल असे तो सांगू शकत नव्हता.

"माझा गुडघा बदलला तेव्हा कुठं कंपनी बघितली होती?" सीताबाई खुर्चीतून म्हणाल्या. "चालतोच आहे ना?"

"तेव्हाही मी डॉक्टरांना विचारलं होतं, आई."

"इचारलान हो हिनं," सीताबाई राकेशला म्हणाल्या. "तो डॉक्टर अजून मला बघून रस्ता बदलतो."

संध्याकाळी शेजारच्या लीलाकाकू कुंपणापाशी आल्या. दोन्ही घरांनी एकाच दिवाळीत, एकाच दुकानातून, एकाच मॉडेलचे फ्रिज घेतले होते.

"अगो, औषध माझ्याकडे ठेव की. फक्त उद्या सकाळी आण. आज फ्रिज जरा पुसून घेते."

रात्रीपुरते इन्सुलिन औषधवाल्याकडेच राहिले. सकाळी आम्रपालीने ते लीलाकाकूंच्या फ्रिजमध्ये ठेवले आणि शेजारी एक तापमापक ठेवला. दिवसभरातले सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त तापमान तो नोंदवून ठेवत असे.

"दोन ते आठ अंश. यात राहायला हवं."

"दोनाच्या खाली गेलं तर?"

"गोठायची भीती."

"आणि आठाच्या वर?"

"थोडा वेळ चालेल. रोज नाही."

लीलाकाकूंनी दोन्ही आकडे मनाशी पुटपुटून पाहिले.

त्यानंतर आम्रपाली रोज कॉलेजातून थेट तिकडे जाई. आकडे कधीही मर्यादेबाहेर गेले नाहीत. ती जाई तेव्हा बहुधा फ्रिज शांत असे. थर्मोस्टॅट वेळेवर काम करत असल्याची ती खूण होती. कंपनीचा मूळ भाग वर्षानुवर्षे भरवशाचा राहतो, हे तिने राकेशला फोन करून ऐकवलेही.

लीलाकाकूंची मात्र तिला काळजी वाटू लागली. लसूण सोलता सोलता त्यांना डुलकी लागे. खाट त्यांनी स्वयंपाकघरात आणली होती. "इथं वारा येतो," त्या म्हणाल्या. वेळणेश्वरला भावाच्या नातवाची मुंज होती, तिथेही गेल्या नाहीत. "एसटीची दगदग नको आता." वय झाले, असा निष्कर्ष आम्रपालीने काढला.

सीताबाईंनी कुळथाचे पीठ डब्यात भरून सुनेच्या हाती दिले. "लीलाला सांग, आम्ही देव मानत नाही. माणूस मानतो."

निरोप ऐकून लीलाकाकू हसल्या. "तिला म्हणावं, पिठात मीठ कमी घालत जा. साखर आहेच, दाब कशाला वाढवतेस?"

अखेर राकेश कंपनीचा थर्मोस्टॅट घेऊन आला. त्याने तो बसवला. फ्रिज सुरू झाला, घुमत राहिला आणि तासाभराने 'टक्' असा आवाज करून स्वतःहून थांबला. तापमापक लीलाकाकूंकडे होता, म्हणून आम्रपालीने प्रयोगशाळेतला दुसरा आणला होता. चार अंश.

"पाहिलंस? काकूंचा फ्रिज आणि हा. दोन नमुने, दोन्ही मूळ भागावर, निष्कर्ष एकच."

राकेशने हत्यारे पिशवीत भरली. पिशवीत आणखी एक तसलेच खोके होते, कंपनीचेच.

"हा कुणाचा?"

"काकूंचा. आधी तुमचा बसव, मग माझ्याकडे ये, म्हणाल्या."

"त्यांना कशाला?"

"त्याच विजेत त्यांचाही गेला, मॅडम. मी युनिव्हर्सल टाकतो म्हटलं, तर म्हणाल्या, आत आम्रपालीचं औषध आहे. तिला जे चालत नाही ते इथंही नको. तेव्हापासून रात्रंदिवस तुमच्या तापमापकात बघून त्या हातानेच बटण चालू-बंद करतायत."