धम्मदीपसाठी आणलेला सिनेमा

सारिकाने धम्मदीपला मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं आणि स्वतः मागे, भिंतीला टेकून बसली. इथून पोरगा नीट नजरेत राहत होता.

विंझरच्या समाजमंदिरात रविवारी भरदुपारी खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला होता. ग्रामसेवकाने कुठूनसा चाळीस वर्षांपूर्वीचा नशाबंदीचा सिनेमा आणून दिला होता. हट्ट सारिकाचा. समाजमंदिर चालवणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष तिचा नवराच, जगन. पण त्याला ही कल्पना फारशी पटली नव्हती.

पंधरा दिवसांपूर्वी तिला धम्मदीपच्या दप्तरात गांजाची पुडी सापडली होती. तिने जगनला सांगितलं.

"त्याला काय इचारू नगं," तो म्हणाला. "पोरगं बिथरंल. म्या बघतो."

त्याने काय बघितलं कोण जाणे. पोरगा भोरचं कॉलेज बुडवून रोज सकाळी बापाच्या टेम्पोत पुढे बसून जायचा. जगन मार्गासनीकडची शाळेची पोरं आणायचा-न्यायचा. त्या फेरीत ह्याचं काय काम? वाटेत कुणीतरी माल देणारा भेटत असणार, हे सारिकाने मनाशी धरलंच होतं. विचारायची चोरी, आणि न विचारावं तर जीव जात होता. एकुलता एक पोरगा हातचा जाणार, ही एकच भीती होती.

सिनेमाआधी रिवाजाप्रमाणे पंचशील झालं. जगन सांगत होता, बाकीचे त्याच्यामागून म्हणत होते. नशेपासून दूर राहण्याचं पाचवं शील आलं, तेव्हा जगन थांबला, तांब्यातलं पाणी प्यायला आणि मग पुढे सांगू लागला. सारिका मान वाकडी करून पोराचे ओठ बघत होती. चार शीलं त्याने म्हटली. पाचव्याला ओठ हललेच नाहीत.

जगन येऊन तिच्याशेजारी बसला आणि सिनेमा सुरू झाला.

नायकाने चिलमीचा एक झुरका घेतला, तोच मागे ढग गडगडले. त्याचे डोळे गरागरा फिरले. मग तो कोट-टाय घातलेला गृहस्थ सरसर नारळाच्या झाडावर चढला आणि वरून स्वतःच्या आईला नारळ फेकून मारू लागला. काळा गॉगल लावलेले डॉक्टर आले, त्यांनी झाडाखालूनच त्याला न्याहाळलं आणि मेंदूचा दगड झाल्याचं जाहीर केलं.

सगळं समाजमंदिर खो खो हसायला लागलं. हसतील त्यांचे दात दिसतील म्हणतात. इथे म्हाताऱ्या सरूबाईंची कवळीच निसटली, ती हातात धरून त्या हसत राहिल्या.

सारिकाला रडू फुटायचं बाकी होतं. पोराला धाक बसावा म्हणून एवढा खटाटोप, आणि त्याचा असा तमाशा झाला. तिला त्या सिनेमावाल्यांचा, हसणाऱ्या भावकीचा, सगळ्यांचाच राग आला.

एकटा धम्मदीप हसत नव्हता. तो पडद्याकडे पाठ करून, मागे वळून बसला होता. चोराच्या मनात चांदणं, सारिकाला वाटलं. आईचं आपल्याकडे लक्ष आहे का, ते बघतोय मेला.

तिने त्याच्या नजरेला नजर द्यायचा प्रयत्न केला. मिळाली नाही. दारातून आत येणाऱ्या उजेडात त्याचा चेहरा पांढराफटक दिसत होता, आणि तो तिच्याकडे बघतच नव्हता. तो तिच्या शेजारी बघत होता.

जगनला हसू आवरत नव्हतं. डोळे पुसत तो बायकोच्या कानाशी वाकला.

"आगं, येडी लोकं ही. असं काय बी होत न्हाई. उलट लई निवांत वाटतं. फकस्त ब्रेक दाबायचा, ह्ये पायाला जरा उशिरा कळतं."