यादीतलं दुसरं नाव

बाई जिना चढून वर आल्या तेव्हा गुरुप्रसाद शेवटच्या रांगेतल्या एका संगणकाशी झटत होता. मशीन सुरू केलं की पडद्यावर दोन नावं यायची. पहिलं विंडोज. दुसरं नुसतंच ‘सिस्टीम दोन’. ते दुसरं नाव काही केल्या जात नव्हतं.

“आलात? बरं झालं,” तो म्हणाला. “मघापासून वाट बघतोय. बसा इथंच.”

बाई काही बोलणार होत्या, पण त्याने खुर्ची पुढे ओढलीसुद्धा. त्यांनी खांद्यावरची बॅग खाली ठेवली आणि बसल्या.

राजारामपुरीतल्या या दुसऱ्या मजल्यावर गुरुप्रसादचं ऑनलाइन परीक्षा केंद्र होतं. साठ संगणक, सहा कॅमेरे. सरकारी भरती मंडळाच्या परीक्षा इथं होत. मागच्या महिन्यात एक मोठी परीक्षा झाली होती आणि उद्या मंडळाची माणसं केंद्र तपासायला येणार होती. पुढच्या तीन वर्षांची मान्यता त्यावर ठरणार होती.

म्हणून काल त्याने पेठ वडगावच्या ज्ञानूला फोन केला होता. कोल्हापुरात संगणक दुरुस्त करणारे पुष्कळ होते. पण हे काम त्याला ओळखीच्या माणसाकडून करून घ्यायचं नव्हतं. सकाळी नऊला माणूस पाठवतो, असं ज्ञानूनं सांगितलं होतं. तो माणूस म्हणजे बाई असतील हे मात्र त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

त्याने काम समजावून सांगितलं. या रांगेतल्या बारा मशीनवर हे जादा नाव दिसतंय. ते काढायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही.

ते कुणी घातलं, असं बाईंनी विचारलं. क्लासची पोरं येतात सरावाला, त्यांचा चावटपणा असणार, असं तो म्हणाला. फक्त याच रांगेत कसं, असंही त्यांनी विचारलं. पोरं मागंच बसतात, तो म्हणाला.

बाईंनी मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं आणि डिलीटचं बटण दाबत राहिल्या. बायोसचं, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगचं निळं पान उघडलं. मशीन कशावर सुरू व्हायचं त्या बूटच्या यादीत तीच दोन नावं होती. त्यांनी मोबाइल काढून फोटो घेतला.

“फोटो कशाला?”

“आधी काय होतं, नंतर काय झालं, नोंद राहिलेली बरी.”

हे त्याला पटलं. बाईंनी दुसऱ्या नावावर जाऊन ते काढलं, बदल जतन केला. मशीन सुरू झालं ते सरळ विंडोजमध्ये. गुरुप्रसादचा जीव भांड्यात पडला. आठ दिवसांत पहिल्यांदाच त्याला चहाची आठवण झाली. त्याने खालच्या टपरीवर फोन करून दोन चहा मागवले.

चहा पिता पिता बाई शांतपणे म्हणाल्या, “सर, हे फक्त यादीतलं नाव गेलं. खरी सिस्टीम डिस्कवर तशीच आहे. बघणारा जाणकार असला तर दोन मिनिटांत शोधून काढेल.”

गुरुप्रसादने कप खाली ठेवला. “मग तीही पुसा.”

“पुसायची म्हटलं तर केंद्रप्रमुखांनी लिहून द्यायला हवं.”

तेवढ्यात त्याच्या मुलीचा, अस्मिताचा फोन आला. मागच्या महिन्याच्या त्याच परीक्षेला ती सांगलीच्या केंद्रावर बसली होती. दोन वर्षं अभ्यास करून दोन गुणांनी राहिली होती. परत फॉर्म भरू का, असं ती विचारत होती.

“भर की,” तो म्हणाला. “अभ्यास सोडू नको.”

फोन ठेवल्यावर तो थोडा वेळ खिडकीपाशी उभा राहिला. या शेवटच्या रांगेतले बाराच्या बारा उमेदवार निवडले गेले होते. परीक्षेच्या दिवशी ते नुसते पडद्यासमोर बसून होते. उत्तरं त्या दुसऱ्या सिस्टीममधून बाहेरचंच कुणीतरी भरत होतं. अस्मिताला या रांगेत बसवायचा विचार त्याने कधीच केला नव्हता. तिने दहा प्रश्न विचारले असते.

तो टेबलाशी आला आणि केंद्राच्या छापील कागदावर लिहू लागला. शेवटच्या रांगेतल्या बारा संगणकांवरची दुसरी सिस्टीम माझ्या सांगण्यावरून काढून टाकण्यात येत आहे. खाली सही केली, तारीख घातली, शिक्का मारला. बाईंनी कागद वाचला, घडी घालून बॅगेत ठेवला.

“इथं पुसायला दिवस जाईल,” त्या म्हणाल्या. “डिस्क काढून दिल्यात तर मी घेऊन जाते.”

हे तर त्याहून बरं होतं. रांग दुरुस्तीला काढलीय म्हणून उद्या सांगता आलं असतं. त्याने स्वतःच स्क्रू-ड्रायव्हर घेतला. बारा संगणकांचे डबे उघडायला त्याला दीड तास लागला. बाई प्रत्येक डिस्कवर मशीनचा नंबर लिहून चिकटवत होत्या. काम फार नीटनेटकं होतं, आणि तसं तो म्हणालाही.

खोकं खाली न्यायला तो उठला, तर खाली गाडी आहे, मी नेते, असं म्हणून बाईंनी ते उचललं.

“उद्या येतेच,” त्या दारातून म्हणाल्या.

“उद्या नको. उद्या मंडळाची माणसं असणार.”

बाईंनी मान हलवली आणि जिना उतरून गेल्या.

गुरुप्रसादने रिकाम्या डब्यांची झाकणं लावली, रांगेवर आच्छादन टाकलं, खुर्च्या सरळ केल्या. घरी फोन करून जेवायला येतो म्हणून सांगितलं. कुलूप हातात घेतलं तोच ज्ञानूचा फोन आला. काम झकास झालं, असं तो सांगणार होता, पण ज्ञानूनंच आधी बोलायला सुरुवात केली.

“सर, रागावू नका. आमचा माणूस नऊलाच आलता की. पण तुमच्या दारात मंडळाची गाडी हुबी, आन् त्यातनं एक बाई उतरून वर गेल्या. तपासणी आजच हाय म्हटल्यावर त्यो तसाच माघारी आला.”