सुभेदारांची घंटी

मुलांनो, डोळ्यांपुढं आणा. तुमच्या हातात एक पितळी घंटी आहे, आणि उद्या सव्वीस जानेवारीला ती उंच धरून सगळ्या गावाला आजोबांची लढाई सांगायची आहे. राजेश्वरी अशीच उभी होती. लोणंदजवळच्या तिच्या घराच्या ओसरीवर भाषणाची तालीम चालली होती.

"धुकं एवढं, की स्वतःचा हात दिसेना. चौकीवर खायला दाणा नव्हता. तेवढ्यात डोंगरातल्या देवीनं घंटी वाजवली. माझे आबा, सुभेदार शंभूराज, त्या आवाजामागं निघाले. शत्रूच्या तीन गोळ्या देवीच्या या घंटीला चाटून गेल्या. पण आबांनी रसद शोधली आणि चौकी वाचवली."

"काठावरचे घाव दाखव तिथं," आबा म्हणाले. "लोकांना दिसले पायजेत."

तिनं घंटी मखमलीवर ठेवली. स्टेजवरच्या खुर्च्या ठरवायला सरपंच अमृत आला होता.

"फौजींच्या रांगेत अर्जुनातात्यांची खुर्ची ठेवू का?"

"लढणाऱ्यांत हमाल बसवतोस व्हय रं?" आबा म्हणाले.

"ते फौजेच्या विमानात होते की."

"एसटीत कंडक्टर बी असतो. म्हणून गाडी तो चालवतो का?"

अमृत हसला. राजेश्वरीही हसली.

नेमका त्याच वेळी अर्जुना शेरडं घेऊन रस्त्यानं चालला होता. त्याला सगळं ऐकू गेलं असणार. तो थांबला.

"तात्या," अमृतनं ओसरीवरूनच विचारलं, "विमानात काय करत होतात तुमी?"

"माल बांधायचा, वर गेल्यावर दारातनं सोडायचा. पीठ, बटाटं, रॉकेल." अर्जुनानं काठी बगलेत धरली. "लांबच्या चौक्यांवर जिती शेरडं बी सोडायचो. छत्री बांधून."

अमृतला हसू आवरेना. "छत्रीवाली शेळी! तिला मेडल दिलं का न्हाई?"

"पगार किती होता तिला, तात्या?" राजेश्वरीनं विचारलं, आणि स्वतःच पोट धरून हसली.

फक्त आबा हसले नाहीत. "बास झालं," ते म्हणाले. "हाक तुझी शेरडं पुढं."

पण एक शेळी ओसरीवर चढलीच होती. उद्यासाठी आणलेला झेंडूचा हार तिनं ओढला. राजेश्वरी धावली आणि तिनं शेळीच्या गळ्यातला पट्टा पकडला. पट्ट्याची घंटी तिच्या मुठीत आली. अंगठा काठावरून फिरला आणि तिथंच थांबला.

"तात्या, ह्या खाचा कशाच्या?"

"आमच्या घरची खूण हाय ती, बाळ. तीन खाचा. बघ, कानाला बी तशाच कातरल्यात."

"आणि विमानातल्या शेळ्यांना?"

"त्यास्नी बी घरच्याच घंट्या बांधायचो. धुक्यात चौकीवरच्या पोरांनी हुडकायची कशी न्हाईतर?"

अमृतचं हसू विरलं. आबा झेंडूच्या हाराकडं बघत राहिले.

अर्जुनाच्या पायाशी एक काळं करडू घुटमळत होतं. त्याच्या गळ्यात अजून काही नव्हतं. राजेश्वरीनं मखमलीवरची घंटी उचलली, तिच्या काठावरच्या तीन खाचांवरून अंगठा फिरवला, रस्त्यावर उतरली आणि ती त्या करडाच्या गळ्यात बांधली.