बाहीला रफू

आमच्या चष्म्याच्या दुकानात नियम एकच: गिऱ्हाइकाकडून काही घेतलं, की नोकरी गेली. मॅनेजरसाहेब साध्या चॉकलेटचीसुद्धा चौकशी लावायचे. त्या दिवशी रफू करणाऱ्या आजींसाठी मी तासभर भिंगं बदलत होतो. नजर अधू झाल्यानं दोन वर्षं त्यांचं काम बंद होतं. शेवटी नंबर जुळला. आजींनी पिशवीतून सुई काढली, पहिल्याच झटक्यात दोरा ओवला आणि माझी फाटकी बाही धरली. “हलू नकोस रे, टोचेल.” रफू संपतंय तोच साहेब धावत आले. “बाई, याला काय दिलंत?” “दिलं कुठे? शर्ट त्याचाच आहे. मी फक्त चष्मा तपासला.” “दोरा तुमचाच ना? आत्ता उसवतो!” साहेबांनी बाही नाकाशी धरली, स्वतःचा चष्मा पुसून पुन्हा पाहिली. टाका सापडेना. आजी ऐटीत म्हणाल्या, “साहेब, आता चष्मा तुम्हीही याच्याकडूनच करून घ्या.”