चार बूट

सुप्याच्या बंगल्यावरच्या गोऱ्या साहेबाला आपलं चढउताराचं भलंमोठं आवार गालिच्यासारखं हवं होतं. विळ्यानं गवत कापणाऱ्या नागूपुढं त्यानं विलायती यंत्रांची दोन चित्रं धरली. एक माणसानं ढकलायचं, दुसरं बैलानं ओढायचं. "या चढावर कुठलं घेऊ?"

"ढकलायचं नगं, साहेब. मानसाची छाती फुटंल. बैलाचं घ्या."

यंत्र आलं. सोबत बैलासाठी चामड्याचे चार बूट आले, खुरांनी हिरवळीत खड्डे पडू नयेत म्हणून. जन्मभर अनवाणी चाललेल्या नागूनं ते आपल्या हातांनी बैलाच्या पायांत बांधले. पहिल्याच उतारावर बैल घसरून बसला, तो उठेना. बूट काढल्यावर उठला, पण मग पावलागणिक खड्डा. साहेब आधी त्या खड्ड्यांकडं बघत राहिला, मग नागूच्या पायांकडं.

संध्याकाळी पुतळी नवऱ्याच्या सोललेल्या खांद्यांना कोकमाचं तेल चोळत होती. "बैल तर गोठ्यात रवंथ करतोय. मग जू तुमच्या खांद्यावर का दिलं?"

नागू भिंतीकडं तोंड करून म्हणाला,



"मला बूट लागत न्हाईत, म्हनाला साहेब."